व्हिएतनामी मावशींच्या कढईतले पापड

शुगर लँडच्या व्हिएतनामी मावशी नसत्या तर नणंदेसमोर माझी काही धडगत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं खरं नाव मला धड म्हणता यायचं नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मावशीच म्हणायचे. आता काय झालं ते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन न्यू जर्सीला येऊन मला जेमतेम वर्ष झालं असेल. आमचे हे मला टेक्सासमधल्या शुगर लँड गावी त्यांच्या मोठ्या बहिणीकडे घेऊन गेले. ताई इंजिनिअर. माझी शाळा आठवीतच सुटलेली. लग्न ठरताना ताई ह्यांना फोनवर म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे रे, पण इकडे तिचा निभाव कसा लागेल?" ते माझ्या कानावर आलं होतं. तेव्हापासून ताईंचा फोन आला की मी तो ह्यांच्याच हातात द्यायचे.

दुसऱ्याच दिवशी ताई म्हणाल्या, "दिवसभर घरात बसून काय करणार तू? माझ्या ओळखीच्या एक व्हिएतनामी बाई घरीच कुकिंग क्लास घेतात. तुझं नाव घालून टाकलंय. लंचला मी तिथेच येते, तू केलेले रोल खायला. ओके?"

झालं! म्हणजे परीक्षाच. मला इंग्रजीत 'येस', 'नो' आणि 'थँक्यू' एवढंच यायचं, आणि घाबरले की तिन्ही एकदम तोंडातून निघायचे.

क्लासला माझ्याबरोबर दोन गोऱ्या बायका होत्या. त्या कशालाही 'वॉव' म्हणत होत्या. मावशींचं इंग्रजीही तुटकच, त्यामुळे जरा धीर आला. काकडी अशी चिरा, कोलंबी अशी सोला, सगळं हातवाऱ्यांनी. चिरण्यात मी पटापट पुढे गेले. "गुड, गुड!" मावशी म्हणाल्या. मी फुगले. मग कांदा तळायला कढईत तेल तापत ठेवून त्या पुदिना तोडायला मागच्या अंगणात गेल्या.

टेबलावर पांढऱ्या, गोल, पातळ चकत्यांची चळत होती. वर चटईची नक्षीसुद्धा उठलेली. बघताक्षणी ओळखलं, तांदळाचे पापड! तेल तापलेलं, पाहुणी येणार आणि पापड तसेच पडलेले. आमच्याकडे अशा वेळी सुनेनं विचारत बसायचं नसतं, तळून मोकळं व्हायचं असतं.

पहिला सोडला तो असा फुलला की दोघी गोऱ्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या. "वॉव!" दुसरा सोडला. त्यांच्या टाळ्या थांबेनात, मग मी तरी कशाला थांबते? चळत संपली तेव्हा टोपलीत पापडांचा डोंगर झाला होता.

मावशी पुदिना घेऊन दारात उभ्या. टोपलीकडे बघितलं, रिकाम्या टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कोमट पाण्याचं भांडं दाखवलं. चकती त्यात भिजवून मऊ करायची, आत सारण भरायचं आणि गुंडाळून रोल करायचा, हे त्यांनी रिकाम्या हातांनी हवेतच करून दाखवलं. चकती एकही उरली नव्हती.

"येस नो थँक्यू," मी म्हटलं.

मावशी हसत सुटल्या. पुदिन्यासकट खुर्चीत बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. ताई! माझं तोंड एवढंसं झालं. ते बघून मावशी ताडकन उठल्या. एक पापड घेतला, त्यावर शेवया, कोलंबी, पुदिना आणि शेंगदाण्याचा सॉस रचला. आम्हीही पटापट हात चालवले.

"रोल कुठायत?" ताईंनी आल्या आल्या विचारलं.

"टुडे नो रोल. टुडे स्पेशल," मावशी म्हणाल्या.

ताईंनी एक तुकडा मोडला आणि मला मराठीत म्हणाल्या, "अगं, हे तर पापड!"

मी मावशींकडे बघितलं. मावशींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला.

"व्हेरी ओल्ड," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "माय ग्रँडमदर. व्हिलेज."

दोघी गोऱ्या बायकांनी गंभीरपणे माना डोलावल्या, जशी काही ती आजी त्यांच्याच गल्लीत राहत होती.

ताई खातच सुटल्या. घरी जाताना गाडीत म्हणाल्या, "छान शिकलीस गं. शनिवारी माझ्या ऑफिसची मंडळी येतायत, त्यांना करून घालशील? मला नाही जमायचं." ताईंनी माझ्याकडे काही मागायची ती पहिलीच वेळ.

मावशी, एकदा तुम्ही माझ्या घरी याच. तव्यावर पुरणपोळीच्या चिंध्या करा, भजी तेलाऐवजी पाण्यात सोडा. सगळ्या पाहुण्यांसमोर मी शपथेवर सांगेन, ही आमच्या आजीचीच पद्धत.