दुपारी फोन करणारा संतोष

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसून पुढे जातो. उतारा, बाहेरचं, नजर... आमच्या घरात असलं कोणी बोललं तर पहिला टोकणारा मीच. त्यामुळे हे लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. पण तोंडाने सांगायची सोय नाही — लोक म्हणतील, बायकोवर संशय, तोही स्वतःच्याच नावाने!

मी संतोष. बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे इथे एका कृषी केंद्रात कामाला आहे. बायको मनीषा, तिचं माहेर लोणार तालुक्यातलं सुलतानपूर. स्वभावाने मी घुम्या. गिऱ्हाइकाशी फवारणीवर तासभर बोलेन, पण घरी आलो की तोंडातून शब्द फुटत नाही.

मागच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. मी रोज संध्याकाळी फोन करायचो. "बरी आहेस ना? पोरगी दूध पेते ना?" झालं. पुढे काय बोलावं ते सुचायचंच नाही.

पोरीला घेऊन परत आली तेव्हा मनीषा वेगळीच वाटली. माझ्याकडे पाहून उगाच हसायची. मी जेवताना जवळ येऊन बसायची, काहीतरी ऐकायला मिळेल या आशेने. शेवटी एक दिवस वैतागून म्हणाली, "फोनवर तं लय गोड बोलता. घरी आल्यावर काऊन तोंड शिवून घेता?"

"कवा बोललो मी गोड?"

"रोज दुपारी! व्हिडिओ कॉलवर. मी माहेरी होती तवापासून. आजबी केला ना तुमी."

दुपारी मी खताच्या गोडाऊनमध्ये माल उतरवून घेत असतो. पत्र्याचं शेड, आत रेंज येत नाही. मला वाटलं, गंमत करतेय. तिने फोन पुढे केला. माझ्याच नंबरवरून आलेले व्हिडिओ कॉल, एकाखाली एक. माझ्या फोनमध्ये त्यातला एकही नव्हता. आणि डीपी... मी पहिल्यापासून कपाशीच्या शेताचा फोटो ठेवलाय. तिच्या फोनवर मात्र मी होतो — निळा शर्ट, दिलखुलास हसणारा. तसा फोटो मी कधी काढला नाही. निळा शर्टही माझ्याकडे नाही.

सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, म्या सोता पाह्यलं ना तुमाले. मले नमस्कार केला, पोरीले हाका मारल्या. मी म्हनलं, जवाई किती मोकळे झाले!"

मोबाईल दुरुस्तीवाला सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "कोनीतरी तुहा चेहरा लावून बोलून राह्यला बे. आजकाल होते तसं." त्याने पासवर्ड बदलून दिला, ॲप काढून पुन्हा टाकलं. मलाही ते पटलं. भीती नव्हतीच तेव्हा, नुसता संताप होता. कॉल मात्र येतच राहिले.

मी मनीषाला विचारलं, बोलतो तरी काय तो? ती लाजली. माझ्यासमोर, दुसऱ्या कोणाबद्दल सांगताना लाजावं तशी.

"तुमी मले लग्नाआधीच पाह्यलं होतं म्हने, हिवरा आश्रमच्या जत्रेत. माही चप्पल तुटली होती अन् ती हातात धरून मी हसत चालली होती. तवापासून मनात होती म्हने मी..."

हे खरं आहे. आणि हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. ना सलीमला, ना आईला. वर्षभराने योगायोगाने तिचंच स्थळ आलं, तेव्हाही गप्प बसलो. तिला सांगण्यासारखी माझ्याजवळ ही एवढी एक गोष्ट होती, आणि ती त्याने सांगून टाकली. हसाल तुम्ही, पण मी आतून जळत होतो. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मला मिळालेलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी दुपारी घरीच थांबलो. माझा फोन बंद करून पलंगावर टाकला आणि मनीषाच्या शेजारी बसलो. पोरगी पाळण्यात झोपली होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिचा फोन वाजला. माझं नाव. तोच निळा शर्ट.

"उचलू नको," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, पलंगावरच्या बंद फोनकडे पाहिलं. तरी उचलला.

मीच होतो. माझाच चेहरा, भुवईवरचा व्रणसुद्धा. मागे नुसती पांढरी भिंत. आवाजही माझाच, पण त्यात एक सवड होती... माझ्या आवाजात ती कधीच नसते.

"जेवली का व?" त्याने विचारलं.

आणि मनीषा — मी खांद्याला खांदा लावून बसलेलो असताना — म्हणाली, "हाव. तुमी?"

मी फोन हिसकावला. "कोन बे तू?"

तो घाबरला नाही. मला नीट न्याहाळलं त्याने. मग त्याच्या डोळ्यांत हळूहळू जे चढलं ते मला ओळखीचं होतं... तोच जळफळाट. माझ्याकडे पाहतच, पण तिला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मनीषा, हा कोन बसला तुह्याजवळ?"

मी कॉल कापला. पोरगी दचकून रडायला लागली. मनीषाने उठून पोरीला घेतलं.

त्यानंतर तो कॉल आला नाही. सलीमच्या म्हणण्याने चेहऱ्याचा, आवाजाचा, नंबरचा खुलासा होतो. जत्रेतल्या त्या गोष्टीचा होत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचत असेल तर सांगा, मला तरी सुचलेला नाही.

आता दुपारी मीच गोडाऊनमधून बाहेर येतो, रस्त्यापलीकडे रेंजमध्ये उभा राहतो आणि तिला फोन करतो. येईल तसं बोलतो, शिकतोय. फोन उचलल्यावर ती आधी थोडी थांबते. मग विचारते, "तुमीच ना?"

मी हो म्हणतो. त्यावर तिचा एक श्वास सुटतो, आणि मग ती बोलायला लागते. तो श्वास सुटकेचा असतो की निराशेचा, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.