अस्वल नदीकाठी थांबलं

लहानपणी मला पऱ्या आणि राजपुत्र कधी आवडलेच नाहीत. मला आवडायचं ते बाबांच्या कव्हर फाटलेल्या जुन्या कादंबरीतलं म्हातारं अस्वल. दरवेशाच्या हातून सुटून पायीच जंगलाकडे निघालेलं, एका पायाने लंगडं आणि सतत कुरकुरणारं. उन्हाला शिव्या, डोंगराला शिव्या, पाण्याला मात्र टरकून. अगदी माझ्यासारखं!

लॉकडाऊन लागला तेव्हा बाबांनी तीच कादंबरी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझ्या लेकीला वाचून दाखवायला घेतली. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या घरात एकाच टेबलावर माझं ऑफिस, नवऱ्याचं ऑफिस आणि तिची डच शाळा. नुसता वैताग! आजोबांचा फोन आला की ती लॅपटॉप धाडकन मिटायची. बाबांची अट एकच होती. कालची गोष्ट आधी तिने मराठीत सांगायची, मग ते पुढे वाचणार. मध्ये डच शब्द आला की ते तोंडावर बोट ठेवून गप्प बसायचे. "आजोबा चीटिंग करतात!" म्हणून ती पाय आपटायची, पण पुन्हा सांगायची. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं. माझ्या ओरडण्याने जे झालं नाही ते त्या अस्वलाने करून दाखवलं.

एक दिवस अस्वल भरलेल्या नदीच्या काठी येऊन थांबलं आणि प्रकरण संपलं. दुसऱ्या दिवशी बाबांना ताप आला. बेड मिळेपर्यंत पुण्यात दादाचा जीव टांगणीला लागला होता. विमानं बंद, आणि मी इथे अडकलेली. नुसती भांडी आपटत होते, दुसरं करणार काय? लेक रोज विचारायची, "आजोबा कधी वाचणार?" बरे झाले की, असं म्हणून मी तोंड फिरवायचे.

एका दुपारी वॉर्डातल्या सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिला. चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. बाबा ओळखू येईनात. "बोला, त्यांना ऐकू जातं," सिस्टर म्हणाली. लेकीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"अस्वल चालून चालून दमलं. रिव्हीरजवळ आलं. त्याला भीती वाटते."

ती थांबली. बाबा गप्पच.

तिने जीभ चावली. "सॉरी आजोबा. नदी. नदीजवळ आलं."

पलीकडून फक्त ऑक्सिजनचा आवाज येत होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, एकेक शब्द जपून.

"आता एकपण डच शब्द नव्हता, आजोबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "वाचा ना."