चप्पल खाली ठेवा

चौथीत होते. दौलताबादजवळच्या आमच्या गावातली शाळा. भर वर्गात मला फिट आली. शुद्धीवर आले तर नाकावर चप्पल. गुरुजींनी दाबून धरलेली. पाटलाच्या पोराची, शेणानं बरबटलेली. परकर ओला झालेला. पोरं खिदळत होती.

दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत हजर. "मेंढरामागं फिरणाऱ्याची पोरगी. हिचं फेफरं आमच्या लेकराला लागंल. दारात बसवा हिला."

बसवलं. जिथं सगळे चपला काढायचे, तिथंच. वर गुरुजी म्हणाले, "बरं झालं, चप्पल हाताशीच राहील."

वर्षभर बसले. फळा दिसायचा नाय. ऐकून ऐकून पाठ केलं. बाप म्हणायचा, "सोड गं शाळा. मेंढरं तरी हसत नायत." नाय सोडली.

पुढं शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "हा मेंदूचा आजार. कुणाला लागत नाही. फिट आपोआप थांबते." म्हंजे थांबायची आपसूक, अन् मान चपलेला! लई संताप आला.

आता चिकलठाण्याकडं प्राथमिक शाळेत बाई आहे. गोळी रोज घेते. पण शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. भ्यायचे. खोटं कशाला बोलू?

परवा माझ्या तिसरीच्या वर्गात एक पोरगी धाडकन पडली. हेडमास्तर चप्पल घेऊन धावत आले.

"सर, ती चप्पल खाली ठेवा."

"अहो बाई, जुना उपाय आहे."

"मी हुंगलीय ती. खाली ठेवा म्हणते ना!"

ठेवली. मी पोरीच्या डोक्याखाली पदराची घडी सरकवली. पोरांना म्हणाले, "बघा नीट. हातपाय दाबायचे नाय. तोंडात काय घालायचं नाय. असं कुशीवर वळवायचं. घड्याळाकडं बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्याची गाडी बोलवायची." झटके थांबले. पोरीनं डोळे उघडले. कुणी हसलं नाय.

दुसऱ्या दिवशी एक बागायतदार पालक हेडमास्तरांना घेऊन वर्गात आले. "त्या पोरीला दारात बसवा."

तेच शब्द. अंगाची लाही लाही झाली.

"मग आधी माझी खुर्ची दारात न्या," म्हणाले. "मलाबी फिट येते."

हेडमास्तरांनी मान खाली घातली. पालक तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेले.

पोरगी पहिल्या बाकावर बसते. तिथंच बसंल. उद्या मी पडले तर ही चाळीस पोरं मला कुशीवर वळवतील. चप्पल घेऊन कुणाला यायचंच असंल, तर त्यानं आधी यांच्यातून वाट काढावी.