रोजची एक चूक

साताऱ्याहून निघाले तेव्हा माझी खात्री होती, दोन दिवसांत मेघनाला कान धरून परत आणीन. आमच्या अध्यापक विद्यालयातली सर्वांत हुशार मुलगी. सुट्टीत वसईकडे घरी गेली आणि तिथूनच कळवलं की दुसऱ्या वर्षाला येणार नाही, सोमवारपासून मुंबईत कॉल सेंटरला लागते.

आचोळ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिच्या आईने पोहे आणि सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) पुढ्यात ठेवली. सुकेळी इतकी गोड होती की मी रागवायचंच विसरले. मेघना मात्र तयारीत होती. "मॅडम, सराव पाठाला मैत्रिणीच मुलं होऊन बसतात आणि ठरलेली उत्तरं देतात. समोर मी असले काय, नसले काय, सारखंच." गेली कित्येक वर्षं मी तेच सराव पाठ घेते आहे. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

"आधी एक वर्ग दाखवते, मग काय ते बोला," ती म्हणाली.

रिक्षाने पापडी गाव मागे टाकलं आणि भुईगावच्या अरुंद गल्ल्या लागल्या. पुढे रिक्षा जाईना म्हणून उतरलो, तर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उजवा पाय फरफटत मी वाड्यांमधून (केळी-नारळाच्या बागांमधून) चालले होते. भर दुपार असूनही केळींखाली अंधारल्यासारखं होतं. समुद्र जवळ असावा, पण त्याचा आवाज येत नव्हता. आणि मग पाढे ऐकू आले.

मुलं नाहीत म्हणून तिथली एका खोलीची शाळा केव्हाच बंद झाल्याचं मेघनाने वाटेत सांगितलं होतं. तरी त्याच बंद शाळेतून पाढे येत होते. चाल लहान मुलांची, आवाज मात्र जाडेभरडे, म्हातारे. आम्ही दारातून डोकावलो.

आत लहानशा बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन, पांढऱ्या केसांची माणसं बसली होती. हाताची घडी घातलेली. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. पण कुणीच खुर्चीकडे किंवा फळ्याकडे पाहत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे डावीकडच्या कोऱ्या भिंतीकडे वळलेले होते.

एकाएकी पाढा चुकला. भिंतीतून ठक ठक आलं. सगळे दचकले, मग मागे जाऊन बरोबर म्हणाले. भिंत गप्प झाली. त्यांच्या चेहऱ्यांवर जे समाधान पसरलं, ते मला बघवेना.

पाढे संपल्यावर इनासकाकांनी, म्हणजे वर्गातल्या सर्वांत वयस्क विद्यार्थ्याने, मला समजावून सांगितलं. भिंतीपलीकडे रोझाबाईंचं घर. या सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं. शाळा बंद होऊन मुलांचा आवाज येईना तशा त्या अंथरुणाला खिळल्या, बोलणं थांबलं, जेवणही सुटलं. एका दुपारी कुणीतरी सहज पाढा म्हटला आणि चुकला, तर पलीकडून काठी वाजली. संध्याकाळी बाई पेज प्यायल्या. तेव्हापासून ही शाळा भरते, आणि रोज एक चूक मुद्दाम करायची.

"चुकलो नाय तर बाईंना काम काय उरनार?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून मेघनाबरोबर गेले. शिकवायला उभी राहा, असं तिला त्या लोकांनी सुट्टीत ती इथे येऊ लागली तेव्हा सुचवलं होतं, पण ती नेहमी मागच्या बाकावर बसे. आम्ही दोघी तिथेच बसलो. आठाचा पाढा चालू होता.

"आठ सत्ते चोपन्न," काका मोठ्याने म्हणाले.

सगळे थांबले. भिंतीतून काहीच आलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "आठ सत्ते चोपन्न." मग सगळा वर्ग एका सुरात चुकला, भिंतीला ऐकू जावं म्हणून ओरडून. खिडकीतलं केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

बाईंच्या घरातून त्यांची भाची येऊन दारात उभी राहिली. तिच्या हातात बाईंची काठी होती. 

माणसं रडतील, उठून शेजारी धावतील असं मला वाटलं. कुणी हललं नाही. ती चुकलेली संख्या खोलीत तशीच राहिली होती आणि ती तशी सोडून त्यांना उठता येत नव्हतं. काकांनी मागे वळून मेघनाकडे पाहिलं. 

"चुकलंय आमचं," ते म्हणाले. "आता कोन सांगनार?"

मेघना उठली. खुर्चीत बसली नाही. टेबलावरचं डस्टर उचलून तिने दोनदा ठोकलं. सगळे चेहरे भिंतीकडून सावकाश तिच्याकडे वळले. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आठ सत्ते छप्पन्न."

मग एकेक जण उठून बाईंच्या घरात गेला.

मी एकटीच साताऱ्याला परतले. मेघना महिनाभराने कॉलेजला येणार आहे, तोवर तिला तिथली दुपार सोडवत नाही. मुलं नसतील तिथे म्हाताऱ्यांना शिकवीन, म्हणते.

काल माझ्या वर्गात सराव पाठ झाला. मैत्रिणींनी ठरलेली उत्तरं दिली, एकही चूक झाली नाही. मी शेरा लिहायला पेन उचललं आणि ते टेकवेना. वर्गाची डावीकडची भिंत कोरी आहे, पलीकडे नुसतं मैदान. तरी मी तिच्याकडे पाहत, कान देऊन बसून राहिले. शेवटी पाठ घेणाऱ्या मुलीलाच विचारलं, "यातलं काय चुकलं असतं, तर आम्हाला तुझी गरज पडली असती?"