येते म्हणाले होते

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. रस्ता ओलांडताना मी अजून सोबतच्या माणसाचा हात धरते, आणि आकाशात वीज चमकली की शिवणाचं मशीन बंद करून खोलीच्या मधोमध जाऊन बसते. अशा माझ्यावर एकटीने परदेशी जायची वेळ आली. मीनल, आमची एकुलती एक लेक, युरोपातल्या एका शहरात राहते. तिला दिवस गेले होते. आधीचं एक मूल तिच्या पोटात राहिलं नव्हतं, म्हणून या वेळी आम्ही सगळेच जपून बोलत होतो, जणू मोठ्याने बोललं तर काहीतरी सांडेल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत. पण तिकडच्या डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाला सक्त मनाई केली होती. मग लेक माहेरी येत नसेल तर माहेरानेच लेकीकडे जायचं, असं ठरलं. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ते येऊ शकत नव्हते. तिकीट काढलं, व्हिसा आला, मी झबली शिवायला घेतली, आणि एका संध्याकाळी बातमी आली की मीनलच्या शहरातल्या बाजारात बॉम्बस्फोट झाला.

ती आणि जावई सुखरूप होते. पण त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. हे मला ‘जाऊ नकोस’ असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. मात्र सकाळी चहा झाला की मोबाईल नाकाजवळ धरून बातम्या मोठ्याने वाचायचे. कुठल्या विमानतळावर बेवारस पिशवी सापडली, कुठे विमान अर्ध्या वाटेतून परत फिरवलं, कुठे प्रवाशांना तासन् तास उभं करून झडत्या घेतल्या. ‘मी आपलं माहिती म्हणून सांगतो,’ असं वर म्हणायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही भर घातली. एकीच्या भावाचं लोणचं काढून फेकलं होतं, दुसरीच्या सासूला चपला उतरवून अनवाणी उभं केलं होतं. ‘आणि सुकं खोबरं नेऊ देत नाहीत हं, पेट घेतं म्हणे,’ असं कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. खोबऱ्याशिवाय बाळंतिणीचे लाडू म्हणजे नवऱ्याशिवाय वरात!

मीनलचा फोन आला. ‘आई, तू येऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘आम्ही करू कसंतरी. तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.’ मी नुसतं हूं हूं करत राहिले. फोन ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, ‘डिंक किती तळायचा, तेवढं मात्र सांगून ठेव.’ लेक तोंडाने नको म्हणत होती आणि डिंकाच्या आडून मला बोलावत होती. पण माझे पाय उचलत नव्हते. ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं होतं, तिकीट रद्द करायचं तर सोमवारपर्यंत कळवा. रविवारी सकाळी मी ह्यांना म्हटलं, ‘मी देवालाच विचारून येते.’

आमच्या शहराला लागूनच डोंगराच्या पायथ्याशी सातारा गाव आहे, जिल्ह्याचं सातारा नव्हे. आता सगळी वस्ती एक झाली आहे, पण खंडोबाचं दगडी देऊळ मात्र आपलं जुनंच. त्या दिवशी डोंगरावर धुकं उतरलं होतं. पायऱ्या, उंबरे, दगडांच्या खाचा, सगळीकडे भंडाऱ्याची हळद बसलेली, आणि धुक्यातून येणारा उजेडही मला पिवळसरच वाटला. दूर कुठेतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. मी गुरवांना कौल लावायला सांगितलं. देवाच्या दोन्ही बाजूंना ओलं फूल चिकटवायचं आणि मनात प्रश्न धरायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी डोळे मिटून विचारलं, ‘देवा, जाऊ की नको?’

फुलं पडेनात. समईची वात हलत होती, घंट्या जवळ येत होत्या, लांब जात होत्या, मला गुंगी आल्यासारखं झालं. मागे लोक आले, नारळ फुटले, ‘येळकोट येळकोट’ झालं, पण दोन्ही फुलं जागच्या जागी. शेवटी गुरव म्हणाले, ‘ताई, आज देव बोलंना. पुन्हा कधी या.’ मला आधी राग आला. पुन्हा कधी? उद्या सोमवार होता. मग राग ओसरला आणि मी अगदी एकटी पडले. इतकी वर्षं ज्याच्यापुढे डोकं टेकलं, त्याने नेमक्या वेळी तोंड फिरवलं असं वाटलं. उठले, हात जोडले, सवयीने पुटपुटले आणि बाहेर आले.

बाहेर भिंतीच्या कडेला एक धनगर बाई उन्हाची तिरीप धरून बसली होती. उतारवयाची, हातात चांदीची जाड कडी, कपाळभर भंडारा. तिची मेंढरं पलीकडच्या माळावर पसरली होती. मी तिच्या शेजारी टेकले आणि मला रडू कोसळलं. तिने थोडा वेळ रडू दिलं.

‘काय झालं गं बाई?’

मी सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. लेक, बाळंतपण, स्फोट, विमान, न पडलेली फुलं. तिला विमानाचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, ‘आमी बी दिवाळी झाली की मेंढरं घिऊन निघतो. लई लांब. रानात लांडगं, रस्त्यावर गाड्या. लेकीबाळी संगं. भ्या वाटतंच की.’

‘मग तुम्ही कौल लावता?’

‘नाय बा. तू काय इचारलंस देवाला?’

‘जाऊ की नको.’

‘आन आता भाईर येताना काय म्हनलीस?’

मला आठवेना. मग आठवलं. कुठूनही निघताना म्हणते तेच. लहानपणी आई टपली मारून शिकवायची, जाते म्हणू नये, येते म्हणावं. ‘येते, असं म्हणाले,’ मी सांगितलं.

ती बाई तोंडाला पदर लावून खुदूखुदू हसायला लागली. ‘मंग आता त्यो कशाला फूल पाडतोय? तूच सांगून बसलीस की त्याला, येते म्हनून. जायाशिवाय येतीस कशी?’

जन्मभर तोंडात असलेला शब्द, पण तो असा उघडून कधी पाहिलाच नव्हता. त्यात जाणंही होतं आणि परतणंही होतं, आणि दोन्ही मी कुणाच्या तरी हवाली करून रोज निर्धास्त निघत होते. बाजारात जाताना हवाली करत होते, मग आता का अडले होते? बाईने कमरेच्या पिशवीतून मूठभर भंडारा काढला, फडक्याच्या तुकड्यात बांधला आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. ‘लेकीच्या कपाळाला लाव,’ म्हणाली. ती तिच्या मेंढरांकडे गेली आणि धुक्यात घंट्यांचा आवाज तेवढा राहिला. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, ‘मी जाणार.’ ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, ‘लोकरीचे पायमोजे घे.’

आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. हे दाराशीच थांबले. ‘सावकाश ये,’ एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. आत गेल्यावर तपासणीची रांग. पेटीतले लाडू आधीच पुढे गेले होते. खोबऱ्याच्या जागी खारीक वाढवून मी वाट काढली होती. पुरचुंडी मात्र हातातल्या पिशवीत ठेवली होती, कारण ती नजरेआड करायचा धीर होत नव्हता. नेमकी तीच पिशवी यंत्रातून बाजूला काढली गेली. खाकी कपड्यांतल्या जवानाने फडकं उचललं. ‘ये क्या है?’ मी म्हटलं, ‘भंडारा.’ तो म्हणाला, ‘भंडारा? खाना?’ त्याच्या मुलखात भंडारा म्हणजे देवळातलं जेवण! ‘नाही, हळद, देवाची,’ मी सांगायला गेले आणि माझी हिंदी तिथेच संपली. त्याने गाठ सोडली, ती सुटली ती एकदमच. ट्रेमध्ये, माझ्या बोटांवर, सगळीकडे पिवळं झालं. मागची रांग चुळबुळायला लागली. मी घाबरून हात शालीला पुसले. तो रागावला नाही, पण सुट्टी पूड नेता येणार नाही, आदेश कडक आहेत, असं म्हणाला. पुरचुंडी ट्रेमध्येच राहिली.

वाटलं, हाच तो कौल. डावं फूल आत्ता पडलं. परत फिरावं, हे अजून दाराशीच असतील, दोघं रिक्षा करून घरी जाऊ. तेवढ्यात पडद्याआडच्या बाईने मला तपासणीला बोलावलं. तिचं यंत्र माझ्या मनगटापाशी ओरडलं. बांगडीत सेफ्टी पिनांचा घोस होता! आम्हा शिवणाऱ्या बायकांना त्याचं भानच राहत नाही. मी एकेक पीन काढायला लागले, पण त्या निघता निघेनात. तिने माझं पिवळं मनगट पाहिलं आणि शांतपणे उरलेल्या पिना स्वतःच काढून माझ्या हातावर ठेवल्या.

‘कुठं निघालात मावशी?’ मराठी! तेही आमच्याकडचं.

‘लेकीकडं. बाळंतपणाला.’

तिने पुढचा पडदा बाजूला धरला. ‘बरं. या.’

तिथे प्रत्येकाला ‘चलिए, आगे बढ़िए’ असं सांगत होते. मला तिने ‘या’ म्हटलं. उंबऱ्यावरून माणसाला निरोप देताना म्हणतात तसं, सहज. तिला त्यात काही विशेष वाटलंही नसेल. पण मला त्या पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत हळदीचा वास आला आणि दूर घंट्या वाजल्या, असं वाटलं. भास असेल. मी पडद्यातून पलीकडे गेले.

मुंबईला विमान बदललं, आणखी झडत्या झाल्या, चपला काढल्या, घातल्या. मग मी इतक्या उंचावर होते की भिऊन उपयोगच नव्हता. खिडकीखाली ढग कळपाने चालले होते आणि मी जागी आहे की झोपेत ते मला कळत नव्हतं. धरून ठेवायला हातात काही नव्हतं. देवाने ती एवढीशी पुरचुंडीही काढून घेतली होती, आणि नवल म्हणजे मला हलकं वाटत होतं.

मीनलचं बाळंतपण सोपं गेलं नाही. कळा थांबायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या, डॉक्टर आपसात त्यांच्या भाषेत बोलायचे आणि जावयाचा चेहरा उतरायचा. मला आत बसू दिलं होतं. लेकीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, ‘आई, मला नाही जमणार.’ तिच्या कपाळावर घाम होता. तो पुसायला मी शालीचं टोक उचललं आणि थांबले. टोक पिवळं होतं. त्या दिवशी घाबरून हात पुसले होते तिथे भंडारा विणीत जाऊन बसला होता. समुद्रापार कुणी अडवला नाही, कुणी विचारला नाही. धनगर बाईने सांगितलं होतं तसं मी ते टोक लेकीच्या कपाळाला लावलं आणि डोळे मिटले. काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही. उजाडता उजाडता नात झाली, आणि तिने पहिल्यांदा टाहो फोडला तेव्हा मी आणि जावई एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो.

डॉक्टर निष्णात होते, लेक धीराची होती, हे मला कळतं. त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगरांची होती, हेही मला ठाऊक आहे, पण मी त्याविषयी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच समजलं की मी देवाकडे खात्री मागत होते, आणि तो मला सोबत देत होता. खात्री त्याने आजही दिलेली नाही. हे अजून सकाळी बातम्या वाचतात आणि वीज चमकली की मी अजून मशीन बंद करते.

परतल्यावर पहिल्या रविवारी मी साताऱ्याला गेले. भिंतीच्या कडेला कुणी नव्हतं, माळ मोकळा होता. गुरवांनी विचारलं, ‘ताई, कौल लावायचा का?’ मी म्हटलं, ‘नको. नुसतं सांगायला आले.’ देवापुढे बसले आणि म्हणाले, ‘आले.’ डोळे वाहत राहिले. मग उठले, हात जोडले, आणि उंबऱ्याशी तोंडातून नेहमीसारखंच निघालं, ‘येते.’ या वेळी ते मी ऐकलं.