वामनभाऊंची पोत्यांची वाट

वामनभाऊ आजारी जनावराकडे आधी बघतच नसत. मुलांनो, राजुऱ्याच्या आपल्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा चपला काढून अनवाणी हॉलभर फिरले आणि खाली वाकून फरशीवर तळहात घासला. मोती कोपऱ्यात पडून होता. जनावरांच्या दवाखान्यातून मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कुत्रा सोडून माझी फरशी का तपासतो, मला कळेना.

तुम्ही परदेशी गेलात तेव्हा फाटकापर्यंत धावणारा तुमचा मोती आता तेरा वर्षांचा झाला होता. सांधेदुखीने त्याला उठवत नव्हतं. जागीच घाण होई. डॉक्टर म्हणाले होते, फार हाल होत असतील तर इंजेक्शन देऊन सुटका करू. मी रविवार ठरवला होता; त्याआधी एकदा बघून जा म्हणून भाऊंना बोलावलं होतं.

"रविवार कुठी पयून जाते, बाई? आधी मले त्याले उठताना पाहू द्या."

भाऊंनी चहा मागितला आणि एक बिस्किट मोतीपासून हातभर लांब ठेवलं. मोती उठू लागला, तसे मागचे दोन्ही पाय घसरून फाकले आणि तो बसकला.

"पाह्यलं? दुखते त आहेच, पण हा भेऊन राह्यला. आरसा पुसल्यावानी फरशी पुसता तुम्ही. म्हातारा गडी चालन कसा?"

"स्वच्छतेत वाईट काय?" मी जरा रागानेच विचारलं.

"काईच नाई. तुम्ही राहा स्वच्छ. त्याले पोते द्या."

दुसऱ्या दिवशी ते धानाची रिकामी पोती घेऊन आले. दाभणाने शिवून मोतीच्या कोपऱ्यापासून अंगणापर्यंत त्यांनी पट्टी अंथरली. वाढलेली नखं कापली, पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं, पोळीवरचं तूप बंद केलं. "तूप तुम्ही खा. त्याच्या पायावर वजन काऊन टाकता?" दुखण्याचं औषध त्यांनी डॉक्टरांकडूनच लिहून आणलं. मी माझ्या गुडघ्याची गोळी पुढे केली, तेव्हा मात्र ओरडले, "माणसाची गोळी कुत्र्याले देता? जीव जाईन त्याचा!"

शनिवारी मोती आपला आपण अंगणात जाऊन आला. परत येऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबला. त्या खोलीत मी पोतं येऊ दिलं नव्हतं. त्याने पंजा पुढे टाकला, मागे घेतला आणि बारीक आवाजात कण्हू लागला.

"भाऊ, आता काय दुखतंय याचं?"

"मले काऊन विचारता? त्यालेच विचारा नं."

मी कपाटातली घडीची सतरंजी काढून उंबऱ्यापासून पलंगापर्यंत अंथरली. मोती एकेक पाऊल टाकत आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी आडवा झाला. मी डॉक्टरांना फोन करून रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं.

"दुखणं जाणार नाई, बाई," भाऊ सुतळी गुंडाळत म्हणाले. "पण दुखता दुखता त्याले जिथी जाचं आहे तिथी जाता आलं पायजे."

मोती त्यानंतर दीड वर्ष जगला. रोज चहाला येणारे भाऊ त्याच्या आधी गेले. चहाच्या वेळी मोती फाटकाकडे तोंड करून बसे, आणि मी त्याला उठवत नसे.