साक्षीदाराचा चष्मा

धोंडीरामअण्णा स्वतःच्याच चष्म्यावर बसले, ही तशी किरकोळ गोष्ट. पलंगाच्या कडेला चष्मा काढून ठेवायचा आणि नेमकं तिथंच टेकायचं, अशी त्यांची जुनी सवय. तीन चष्मे असेच खर्ची पडले होते. चौथा मोडला त्याच संध्याकाळी शेजारून लहानूची हाक आली, "अण्णा, जरा येता का? कंपनीचे सायेब आलेत. साक्षीदार लागतोय."

साक्षीदार म्हटल्यावर अण्णा चपला न शोधताच निघाले. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. पंचवटीतल्या त्या गल्लीत भाडेकरार असो की वाटणीपत्र, खाली अण्णांची सही हवीच. आणि सही तरी कशी? तिच्या खालची रेघ कागदाबाहेर जायला बघायची.

लहानू मूळचा पेठ तालुक्याकडचा. एकोणीस वर्षं सिन्नरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मशीनने ठेवून घेतलेली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "इतक्या वर्षांची ओळख. तिलाबी कायतरी आठवण नको?" मशीनचा आवाज जरा बदलला की मेकॅनिकच्या आधी याला कळायचं. सुट्टीच्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या मिक्सरला कान लावून बसायचा.

आलेले साहेब म्हणजे रोहित. बारा वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून आला, तेव्हा त्याला मशीनवर डाय, म्हणजे साचा, बसवायला लहानूनेच शिकवलं. आणि लहानूची बायको ललिता दोन वर्षं डब्यात त्याच्यासाठी नागलीच्या दोन भाकरी जास्तीच्या घालत होती. आता तो मॅनेजर झाला होता, तरी 'काका'च म्हणायचा. त्या दिवशीही आधी भाकर खाल्ली, हात धुतले, मग कागद काढला.

"काका, आपली लाइन बंद होतेय. ही नुसती फॉर्मॅलिटी. तुमचा हिशेब मी स्वतः बघतो."

कागद इंग्रजीत. लहानूने तो अण्णांच्या हाती दिला. अण्णांना अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग दिसत होती. पण चष्म्यावर बसलो, हे मॅनेजरसमोर सांगायचं कसं? त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, दोनदा हुंकार भरला.

"व्यवस्थित आहे. कंपनीने आभार मानलेत तुझे."

लहानूने सही केली. अण्णांनीही केली, रेघेसकट.

महिन्याभरात हिशेब आला: ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, राहिलेला पगार. लहानू समाधानी होता, पॅकिंगमधली सगुणाबाई भेटेपर्यंत. तिच्यापुढेही तसलाच कागद आला होता. "मला वाचता येत नाय त्याच्यावर मी सही करत नाय," असं म्हणून ती उठून गेली होती. तिला लहानूएवढं सगळं मिळालंच, वर नोटिशीचा महिन्याचा पगार आणि नुकसानभरपाई.

लहानू कागदाची झेरॉक्स घेऊन कामगार कार्यालयात गेला. सोबत अण्णा, नवा चष्मा लावून. तिथल्या बाईंनी कागद वाचला.

"हा तर राजीनामा आहे. 'घरगुती कारणामुळे, स्वखुशीने.' ग्रॅच्युइटी दोन्हीकडे मिळते, ती नोकरीच्या वर्षांची. पण कंपनीने कामावरून कमी केलं, तर भरपाई वेगळी. पूर्ण झालेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, शिवाय महिन्याची नोटीस नाहीतर तिचा पगार. तुम्ही स्वतःहून सोडली म्हटल्यावर कंपनी ते कशाला देईल?"

लहानू बोटांवर मोजू लागला. तीही जरा कमीच. "दोनशे पंच्याऐंशी दिवसांचा पगार," तो म्हणाला. मग म्हणाला, "आधी भाकर खाल्ली त्यानं. मग कागद काढला."

"फसवून सही घेतली असा अर्ज करता येईल," बाई म्हणाल्या. "पण खाली साक्षीदार आहे. मजकूर समजावून सांगितला होता, असं तो म्हणाला की तुमचं म्हणणं तिथंच पडलं. कोण हे?"

ती रेघ अण्णांनी लांबूनच ओळखली. वाचला होता म्हटलं तर गल्लीतली अब्रू राहत होती आणि लहानूचे दोनशे पंच्याऐंशी दिवस बुडत होते. नव्या चष्म्यातून सगळं फारच स्वच्छ दिसत होतं.

"मीच तो," अण्णा म्हणाले. "लिहून घ्या. चष्मा मोडला होता. मी कागद वाचलाच नव्हता. वाचला असं खोटं सांगितलं."

लहानू हे पहिल्यांदाच ऐकत होता. मशीनचा आवाज बदलला की बघायचा, तसा तो अण्णांकडे बघत राहिला.

जबाब टाइप होऊन आला. अण्णांनी खिशातून पेन काढलं. हात सवयीने रेघेच्या तयारीत.

"लहानू," ते हळूच म्हणाले, "राग आला असेल ना माझा?"

"आला. आधी वाचा, मग सही करा."